विराम-प्रश्न

विराम-प्रश्न : संगणकाला दिलेली कोणतीही आज्ञावली, तिला पुरविलेल्या माहितीवर काम करून, केव्हा तरी थांबेल की अखंड चालूच राहील, हे प्रत्येक वेळी अचूक ठरविणारी एक सर्वसाधारण यांत्रिक रीत असू शकेल काय, हा गणितीय तर्कशास्त्रातील व संगणकविज्ञानातील प्रश्न. इंग्रजीत त्यास ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ म्हणतात. अशी रीत असू शकत नाही, हे ब्रिटिश गणितज्ञ ॲलन मॅथिसन ट्यूरिंग (१९१२–५४) यांच्या १९३६ सालच्या निबंधावरून निष्पन्न होते. एखादी विशिष्ट आज्ञावली थांबते किंवा नाही, हे पुष्कळदा सहज सांगता येते. अशक्य आहे ते सर्व आज्ञावल्यांना पुरे पडेल अशा एकाच परीक्षकाची रचना करणे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे या प्रश्नावरील वादांत बराच गोंधळ झालेला आढळतो.

प्रश्नाची पार्श्वभूमी संगणकाच्या जन्माहून जुनी आहे. जर्मन गणितज्ञ डाव्हिट हिल्बर्ट यांनी १९०० मध्ये पॅरिस येथील परिषदेत जे प्रश्न मांडले, त्यांपैकी दहावा प्रश्न असा होता : पूर्णांकी सहगुणकांचे कोणतेही समीकरण दिले असता त्याला पूर्णांकी उत्तरे आहेत की नाहीत, हे मर्यादित पायऱ्यांत ठरविणारी रीत शोधावी. पुढे १९२८ मध्ये हिल्बर्ट व व्हिल्हेल्म आकरमान यांनी अधिक व्यापक असा निर्णय-प्रश्न मांडला. तर्कशास्त्राच्या भाषेत लिहिलेले कोणतेही विधान सार्वत्रिक सत्य आहे किंवा नाही, हे यांत्रिकपणे ठरविता यावे, अशी त्यामागे अपेक्षा होती. कुर्ट गोडेल यांनी १९३१ मध्ये अपूर्णतेचे प्रमेय प्रसिद्ध केल्यावर या अपेक्षेला पहिला तडा गेला. तथापि ‘यांत्रिक रीत’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्याच नसल्याने ती नाही असे सिद्ध करण्याची सोय नव्हती. एखादी रीत आहे असे दाखविण्यास ती लिहून दाखविणे पुरते. नाही असे दाखवावयाचे तर संभाव्य सर्व रीतींना कवेत घेणारी व्याख्या हवी. ही व्याख्या अमेरिकेत ॲलोन्झो चर्च यांनी व इंग्लंडमध्ये ट्यूरिंग यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे १९३६ मध्ये दिली.

ट्यूरिंग यांनी कागद-पेन्सिल घेऊन आकडेमोड करणाऱ्या माणसाच्या कृतीचे विश्लेषण केले आणि तीतून एक काल्पनिक यंत्र उभे केले. घरे पाडलेली अमर्याद लांबीची फीत, एका वेळी एकच घर वाचणारे व लिहिणारे शीर्ष, आणि यंत्राच्या ठरावीक अवस्था एवढीच त्याची सामग्री. अशा प्रत्येक यंत्राचे वर्णन एका संख्येने करता येते आणि ती संख्या दुसऱ्या यंत्राला माहिती म्हणून पुरविता येते, ही कल्पना या निबंधाचा गाभा होय. मूळ निबंधात ‘थांबणे’ हा शब्द आजच्या अर्थाने येत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ट्यूरिंग यांचे यंत्र अपूर्णांकाचे अंक एकामागून एक छापीत जाते. म्हणून जे यंत्र अखंड अंक छापीत राहते ते त्यांच्या दृष्टीने चांगले, आणि जे मध्येच अडकून पडते ते सदोष. दिलेले यंत्र यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे हे ठरविणारे यंत्र असू शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. थांबण्याच्या भाषेतील आजची मांडणी व ‘हॉल्टिंग प्रॉब्लेम’ हे नाव मार्टिन डेव्हिस यांच्या १९५८ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाले.

आज पाठ्यपुस्तकांत दिली जाणारी छोटी सिद्धता लोकप्रिय होण्यास क्रिस्टोफर स्ट्रेची यांचे एक पत्र कारणीभूत झाले. ते जानेवारी १९६५ मध्ये ‘द कॉम्प्युटर जर्नल’ या ब्रिटिश नियतकालिकात छापले गेले. सर्व आज्ञावल्यांची तपासणी करणारी आज्ञावली लिहिता येत नाही ही गोष्ट आज्ञावलीकारांमध्ये लोककथेसारखी सांगितली जाते, पण तिची सिद्धता आपण छापलेली पाहिलेली नाही. १९५३ मध्ये एका परिषदेस जाताना आगगाडीच्या डब्यात ट्यूरिंग यांनी ती आपणास तोंडी सांगितली होती, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. सतरा वर्षांपूर्वी मुद्रित झालेल्या निष्कर्षाची सिद्धता व्यवसायातील लोकांपर्यंत अशी तोंडी पोहोचावी, यावरून त्या काळी तर्कशास्त्रज्ञ व आज्ञावलीकार यांच्यात किती अंतर होते याची कल्पना येते.

सिद्धतेचा आशय पुढीलप्रमाणे आहे. ‘क’ ही परिपूर्ण परीक्षक आज्ञावली अस्तित्वात आहे असे गृहीत धरू. तिला कोणत्याही आज्ञावलीचा मजकूर आणि त्या आज्ञावलीला द्यावयाची माहिती पुरविली, की ती ‘थांबेल’ किंवा ‘थांबणार नाही’ असे अचूक उत्तर देऊन स्वतः थांबते. आता ‘क’चा उपयोग करून ‘ख’ ही दुसरी आज्ञावली रचू. ‘ख’ला एखाद्या आज्ञावलीचा मजकूर दिला, की ती ‘क’ला असे विचारते : ही आज्ञावली स्वतःचाच मजकूर माहिती म्हणून मिळाल्यास थांबेल काय? ‘क’ने ‘थांबेल’ म्हटले तर ‘ख’ निरर्थक फेऱ्यांत शिरते व कधीच बाहेर पडत नाही. ‘थांबणार नाही’ म्हटले तर ‘ख’ तत्काळ थांबते. आता ‘ख’ला ‘ख’चाच मजकूर द्यावा. ती थांबत असेल तर ‘क’चे उत्तर ‘थांबेल’ असे असले पाहिजे, आणि मग रचनेनुसार ती थांबत नाही. थांबत नसेल तर ‘क’चे उत्तर ‘थांबणार नाही’ असे असले पाहिजे, आणि मग ती थांबते. दोन्ही बाजूंनी विसंगती येते. ‘ख’च्या रचनेत ‘क’वाचून दुसरे काहीच संशयास्पद नाही, म्हणून ‘क’ असू शकत नाही.

या युक्तिवादावर वेळोवेळी आक्षेप घेण्यात आले आहेत. ‘ख’ हे मुद्दाम बनविलेले विचित्र उदाहरण आहे. परीक्षकात त्यापुरता अपवाद घालावा म्हणजे झाले, असे नवशिका हमखास म्हणतो. परंतु अपवाद घातलेला परीक्षक हा नवा परीक्षक होय व त्याच्यापासून नवी ‘ख’ बनविता येते. ही मालिका संपत नाही. अधिक गंभीर आक्षेप कॅनडातील टोरोंटो विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ एरिक हेनर यांनी घेतला आहे. येथे विसंगती परीक्षकाच्या अस्तित्वात नसून त्याच्याकडून केलेल्या अपेक्षेच्या मांडणीतच आहे, त्यामुळे सिद्धतेवरून गणनक्षमतेच्या मर्यादेविषयी काहीच निष्पन्न होत नाही, असे त्यांचे म्हणणे. बहुसंख्य तज्ञांना ते मान्य नाही, व ते न मानण्यास सबळ कारण आहे. विशिष्ट आज्ञावली व विशिष्ट माहिती घेतली असता ती जोडी थांबते किंवा थांबत नाही, तिसरा प्रकार संभवत नाही. म्हणजे प्रत्येक जोडीपुढे ‘होय’ वा ‘नाही’ लिहिलेली अनंत लांबीची यादी विसंगतीशिवाय कल्पिता येते. ती यादी तयार करणारी आज्ञावली मात्र लिहिता येत नाही. यादी असणे आणि ती काढण्याची रीत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. प्रत्यक्षातील संगणकाची स्मृती मर्यादित असते. मर्यादित स्मृतीच्या अवस्थाही मर्यादितच. तेव्हा आज्ञावली एक तर थांबेल किंवा पूर्वीच्याच एखाद्या अवस्थेला परत येऊन त्याच चक्रात फिरेल, आणि हे दोन्ही ओळखता येते. तत्त्वतः हे म्हणणे बिनचूक आहे. मार्व्हिन मिन्स्की यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात ते मान्य करूनच त्यातील फोलपणा दाखविला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये पूर्ण स्वरूपात कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक ज्या पिढीचा, त्या पिढीतील ४० द्विमान अंकांचे १,०२४ शब्द साठविणारी स्मृती विचारात घेतली, तरी तिच्या संभाव्य अवस्थांची संख्या लिहावयास १२,३३१ अंक लागतात. आजच्या खिशातील दूरध्वनीपुढे ती स्मृती नगण्य होय. अवस्था मर्यादित आहेत एवढ्यावरून परीक्षकाच्या हाती काही लागत नाही. त्या किती आहेत यावर सर्व अवलंबून असते.

अवस्था खरोखरच थोड्या असतील तर काय घडते, याचे सुरेख उदाहरण मराठी वाचकाला परिचित आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांचा जन्म डहाणू येथे झाला. डहाणू त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. कापरेकर यांनी नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळाशिक्षक म्हणून नोकरी केली व उरलेला सारा वेळ संख्यांना दिला. त्यांच्या पुष्कळशा शोधांचे स्वरूप एखादी साधी कृती पुनःपुन्हा करीत गेल्यास ती कोठे जाऊन थांबते, असे आहे. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान संख्या वजा करावी, आणि आलेल्या वजाबाकीवर तीच कृती करावी. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतल्यास ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ व ६१७४ अशा संख्या क्रमाने मिळतात. ६१७४ पासून पुन्हा ६१७४ च येते. कोणत्याही प्रारंभापासून जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या गाठली जाते. या शोधावरील त्यांचा लेख १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या अमेरिकन नियतकालिकात आला आणि १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात दखल घेतल्यावर तो जगभर पोहोचला.

ही कृती नेहमी थांबते हे कशावरून? उत्तर सोपे आहे. उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड असे मानले, तर वजाबाकी ९९९ (अ – ड) + ९० (ब – क) एवढी येते. म्हणजे पुढील वाटचाल केवळ दोन फरकांवर ठरते. त्यांच्या संभाव्य जोड्या अवघ्या ५४ आहेत व त्या हाताने तपासता येतात. येथे परिपूर्ण परीक्षक आहे, आणि तो वहीच्या एका पानावर मावतो. पाच अंकी संख्यांत मात्र असा एकही स्थिरांक नाही. ५३९५५ पासून ५९९९४ व त्यापासून पुन्हा ५३९५५ अशी चक्रे तेथे लागतात; तरीही अवस्था मर्यादित असल्यामुळे ‘थांबत नाही’ हा निर्णयही तितकाच पक्का देता येतो.

कृतीतील संख्येला वाढण्याची मोकळीक मिळताच चित्र पालटते. संख्येत तिचीच उलटी संख्या मिळविणे ही दुसरी कृती घ्यावी. दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जाणारी संख्या आली की थांबावयाचे. ८९ पासून आरंभ केल्यास २४ पायऱ्यांनंतर ८८१३२०००२३१८८ या संख्येवर थांबता येते. १९६ पासून आरंभ केल्यास ही कृती थांबल्याचे आजवर कोणालाही आढळलेले नाही आणि ती थांबणार नाही अशीही सिद्धता नाही. लोथार कोलात्स यांच्या नावाने ओळखली जाणारी कृती याहून प्रसिद्ध आहे : संख्या सम असेल तर तिची निमपट करावी, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवावा, एक आला की थांबावे. २७ पासून एकापर्यंत पोहोचण्यास १११ पायऱ्या लागतात व वाटेत ९,२३२ पर्यंत चढावे लागते. सर्व संख्यांपासून एकापर्यंत पोहोचता येते की नाही, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. जॉन कॉन्वे यांनी १९७२ मध्ये याच धर्तीच्या सर्वसाधारण कृतींचा वर्ग अनिर्णेय असल्याचे दाखविले. मात्र एखादा प्रश्न आजवर न सुटणे आणि प्रश्नांचा एक वर्ग अनिर्णेय असणे यांत गल्लत करू नये. १९६ चा प्रश्न उद्या एखादी चतुर विद्यार्थिनी सोडवू शकेल. विराम-प्रश्न कोणीही सोडवू शकणार नाही.

थांबण्याविषयीची ही चिंता भारतीय गणितालाही अपरिचित नव्हती. आर्यभटांचा (४९९) कुट्टक प्रत्येक पायरीला बाकी लहान होत जात असल्याने थांबणारच. वर्गप्रकृती समीकरणे सोडविण्याची चक्रवाल रीत तितकी उघड नाही. ही रीत अकराव्या शतकापूर्वी जयदेवांना ठाऊक होती आणि भास्कराचार्यांनी (जन्म १११४) बीजगणितात ती मांडून तिच्याने प्रकृती ६१ असलेले अवघड समीकरण सोडविले. त्याच्या सर्वांत लहान उत्तरातील मोठी संख्या १,७६,६३,१९,०४९ इतकी आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी स्थापन केलेल्या मठाविषयी आहे. तेथे शिकणाऱ्यांनी ही रीत गिरविली असेलच; पण ती प्रत्येक वेळी का संपते, याचे उत्तर ग्रंथात नाही. अशा समीकरणांना नेहमी उत्तर असते हे जोसेफ लुई लाग्रांझ यांनी १७६८ मध्ये सिद्ध केले आणि चक्रवाल रीत स्वतः नेहमी थांबते याची सिद्धता ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९३० च्या सुमारास दिली. रीत बरोबर चालणे आणि ती थांबते याची खात्री मिळणे यांमध्ये येथे सुमारे आठ शतके गेली. दोन अव्यक्तांच्या या एका प्रकारच्या समीकरणाला रीत सापडली, तशी सर्व समीकरणांना सापडेल ही हिल्बर्ट यांची आशा मात्र १९७० मध्ये मावळली. मार्टिन डेव्हिस, हिलरी पुटनम व ज्युलिया रॉबिन्सन यांच्या कार्यावर उभे राहून यूरी मात्यासेविच यांनी विराम-प्रश्नच समीकरणांच्या रूपात लिहिता येतो असे सिद्ध केले.

हेन्री राइस यांच्या १९५३ सालच्या प्रमेयाने निर्बंधाचा आवाका आणखी वाढविला. आज्ञावलीच्या वर्तनाविषयीचा थांबण्याचाच नव्हे, तर कोणताही क्षुल्लक नसलेला गुणधर्म सर्वसाधारण रीतीने ठरविता येत नाही. आज्ञावली कधी शून्याने भागेल काय, चुकीचे उत्तर देईल काय, हे सर्व प्रश्न त्यात आले. येथून हा विषय तर्कशास्त्राच्या वर्गाबाहेर पडतो.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील तारापूर येथे भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरविलेल्या त्यातील दोन अणुभट्ट्यांची संरक्षण यंत्रणा त्या काळच्या पद्धतीप्रमाणे रिले व तारांच्या जोडणीवर आधारलेली होती. दाब, तापमान वा न्यूट्रॉनांची संख्या मर्यादेबाहेर गेली, की संबंधित रिले सुटतो व मंडल तुटते. तेथे फेऱ्या नाहीत, म्हणून थांबण्याचा प्रश्नही नाही. त्याच आवारात २००५ व २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेच्या, भारतीय बनावटीच्या दोन जड पाण्याच्या अणुभट्ट्या वीजनिर्मिती करू लागल्या, तोवर नियंत्रणाचे व देखरेखीचे पुष्कळसे काम संगणकांकडे आले होते. केंद्रापासून जवळच, बोईसर व सरावली परिसरातील तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, औषधी द्रव्यांचे व पोलादाचे कारखाने आहेत. अशा कारखान्यांतून पंप, झडपा व तापके यांची सूत्रे रिलेंच्या जागी आज्ञावलीबद्ध नियंत्रक सांभाळतात. या नियंत्रकांचा पहिला नमुना अमेरिकेत तारापूर केंद्राच्याच वेळी, १९६९ च्या सुमारास तयार झाला, हा एक योगायोग.

अशा ठिकाणी विराम-प्रश्न दुहेरी स्वरूपात उभा राहतो. नियंत्रक आज्ञावली एक फेरी पूर्ण करून दुसरी सुरू करते : मापकांची वाचने घेणे, मर्यादांशी तुलना करणे, आदेश देणे, पुन्हा वाचने घेणे. हे बाहेरचे चक्र कधीच थांबता कामा नये. या अर्थाने ते ट्यूरिंग यांच्या मूळ निबंधातील चांगल्या यंत्रासारखे आहे. आतील प्रत्येक फेरी मात्र थांबलीच पाहिजे, आणि तीही ठरावीक कालावधीत. एखाद्या फेरीत आज्ञावली निरर्थक चक्रात अडकली, तर मापक धोका दाखवीत असूनही कोणी तो वाचीत नाही.

अभियंत्यांनी यावर काढलेला पहिला उपाय परीक्षकाचा नाद सोडून देण्याचा आहे. प्रत्येक फेरीच्या अखेरीस आज्ञावली एका स्वतंत्र घड्याळाला संकेत देते. इंग्रजीत त्यास ‘वॉचडॉग टायमर’ म्हणतात. मराठीत राखणदार घड्याळ म्हणता येईल. ठरलेल्या मुदतीत संकेत न आल्यास, आज्ञावली अडकली की नुसती संथ झाली याचा विचार न करता हे घड्याळ यंत्रणेला सुरक्षित स्थितीत नेते. अणुभट्टीच्या बंद करण्याच्या यंत्रणेत नियंत्रक दंड विद्युतचुंबकाच्या बळावर वर धरून ठेवलेले असतात. प्रवाह खंडित होताच ते गुरुत्वाने खाली पडतात व विक्रिया थांबते. ‘थांबेल काय’ या अनिर्णेय प्रश्नाच्या जागी ‘अमुक इतक्या वेळात थांबली काय’ हा निर्णेय प्रश्न ठेवलेला आहे. याची किंमत कधीकधी विनाकारण बंद पडलेल्या संयंत्राच्या रूपाने मोजावी लागते. वीज केंद्रात ती उत्पादनाची हानी असते. रासायनिक कारखान्यात, उष्णता सोडणारी विक्रिया चालू असताना शीतकरणाचा पंप बंद पडला तर बंद पडणे हाच धोका ठरतो. म्हणून तेथे सुरक्षित स्थिती कोणती, हे प्रत्येक झडपेगणिक आधी ठरवून ठेवावे लागते.

दुसरा उपाय भाषेवर निर्बंध घालण्याचा. विराम-प्रश्नाची अनिर्णेयता आज्ञावलीकाराला असलेल्या पूर्ण मोकळिकीतून येते. मोकळीक काढून घेतली की प्रश्न आटोक्यात येतो. मोटारगाडी उद्योगासाठी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली ‘मिस्रा सी’ ही नियमावली आज्ञावलीतील कार्याला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे स्वतःलाच बोलाविण्यास मनाई करते. अमेरिकेच्या अंतराळ कार्यक्रमातील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुचविलेल्या दहा नियमांपैकी एक, प्रत्येक चक्राला आधीच ठरविलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा हवी, असा आहे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतील संगणकाधारित प्रणालींसाठी २०१० मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

तिसरा उपाय सिद्धतेचा, आणि त्याचे जनकत्वही ट्यूरिंग यांच्याकडेच जाते. १९४९ मध्ये केंब्रिज येथील परिषदेत त्यांनी मोठ्या आज्ञावलीची तपासणी कशी करावी यावर एक छोटा निबंध वाचला. प्रत्येक फेरीगणिक निश्चितपणे घटत जाणारी एखादी राशी आज्ञावलीकाराने दाखवून द्यावी, म्हणजे आज्ञावली थांबते असे तपासनीसाला मान्य करता येईल, असे त्यात सुचविले आहे. कुट्टकातील घटत्या बाकीचेच हे व्यापक रूप होय. राशी कोणती हे यंत्राने शोधावे असा आग्रह नसून ती माणसाने सांगावयाची आहे. सांगितल्यावर ती घटते की नाही हे तपासणे पुष्कळच सोपे. भाभा अणुसंशोधन केंद्र व मुंबईची भारतीय तंत्रविज्ञान संस्था येथील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘एस’ ही प्रणाली श्रमविभागणीच्या याच तत्त्वावर बेतलेली आहे. ‘मिस्रा सी’च्या मर्यादेत लिहिलेल्या आज्ञावलीत अभियंत्याने ठिकठिकाणी, येथे अमुक गोष्ट सत्य असलीच पाहिजे, अशी विधाने लिहावयाची आणि प्रणालीने ती सिद्ध होतात काय हे पहावयाचे. चक्रांच्या बाबतीत प्रत्येक फेरीत अबाधित राहणारे विधान माणसालाच सुचावे लागते. हे काम किती कष्टाचे आहे, ते कॅनडातील डार्लिंग्टन अणुवीज केंद्राच्या अनुभवावरून दिसते. तेथील बंद करण्याच्या यंत्रणेच्या आज्ञावल्यांविषयी नियामकांची खात्री पटेना. डेव्हिड पार्नस यांच्या सल्ल्याने अपेक्षित वर्तनाची व प्रत्यक्ष आज्ञावलीची कोष्टके तयार करून ती माणसांकडून ताडून पाहण्यात आली. १९९० मध्ये परवाना मिळाला तो त्यानंतर, आणि पुढे आज्ञावल्या नव्याने लिहाव्यात या अटीवर.

परीक्षक यंत्रे बनविण्याचे प्रयत्न अर्थातच थांबलेले नाहीत. परिपूर्ण परीक्षक नाही याचा अर्थ उपयुक्त परीक्षक नाही असा होत नाही, आणि या शास्त्राचा गेल्या काही दशकांतील इतिहास म्हणजे या दोहोंमधील जागा भरून काढण्याचा इतिहास आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीतील बायरन कुक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘टर्मिनेटर’ नावाची आज्ञावली सादर केली. संगणकाला जोडलेल्या उपकरणांच्या चालक आज्ञावल्या अडकून पडतील काय, याचा शोध घटत्या राशी आपोआप हुडकून ती घेत असे. सैद्धांतिक बाजूने याच सीमेची मोजणी टिबोर राडो यांच्या १९६२ सालच्या खेळातून झाली. ठरावीक संख्येच्या अवस्था असलेली, कोऱ्या फितीवर सुरू होऊन अखेरीस थांबणारी ट्यूरिंग यंत्रे घेतली, तर त्यांतील सर्वांत दीर्घकाळ चालणारे किती पायऱ्या चालते? दोन अवस्थांसाठी उत्तर ६ आहे, तिनांसाठी २१, चारांसाठी १०७. पाचांसाठीचे उत्तर ४,७१,७६,८७० हे २०२४ मध्ये, अनेक देशांतील हौशी व व्यावसायिक अभ्यासकांच्या सामुदायिक प्रयत्नाने आणि संगणकाने तपासलेल्या सिद्धतेसह, निश्चित झाले. सहा अवस्थांच्या यंत्रांत कोलात्स यांच्या कृतीशी नाते सांगणारी यंत्रे आढळली असून, ती थांबतात किंवा नाही हे सांगण्याचे साधन हाती नाही. दुसऱ्या टोकाला, ७,९१० अवस्थांचे असे एक यंत्र २०१६ मध्ये रचून दाखविण्यात आले, की त्याचे न थांबणे गणिताच्या रूढ गृहीतकांवरून सिद्धच करता येत नाही. संख्या पुढे बरीच खाली आणली गेली.

महाराष्ट्रात या दिशेने पुण्यातही काम झाले आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने १९८१ मध्ये तेथे स्थापन केलेल्या संशोधन केंद्राच्या परंपरेतून आज्ञावल्यांचा मजकूर वाचून त्यांतील दोष शोधणारी साधने तयार झाली. त्यांपैकी ‘व्हेरिॲब्स’ या साधनाने आज्ञावली-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० मध्ये, आज्ञावली एखाद्या निषिद्ध अवस्थेला पोहोचू शकते काय हे ठरविण्याच्या विभागात पहिला क्रमांक मिळविला. या स्पर्धेच्या नियमांत राइस यांचे प्रमेय गृहीतच धरलेले आहे. स्पर्धक साधनाने ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर दिल्यास गुण मिळतात, चुकीच्या उत्तराबद्दल त्याहून कितीतरी अधिक गुण कापले जातात, आणि ‘अज्ञात’ असे उत्तर दिल्यास शून्य गुण देतात.